मुकादमाची सुई

“कान धर,” नाना म्हणाले.

“कुणाचा?”

“मुकादमाचा. माझा धरून काय करणार आहेस? फडकं गार व्हायच्या आत उरकायचंय.”

नाशिकहून एसटीत अवघडून मी नुकती कऱ्हाडला आई-वडिलांकडे पोचले होते, पायातल्या चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. पण नानांना कुणाच्या चपला कधी दिसल्या आहेत? मागच्या गॅलरीत त्यांनी स्टुलावर जुना पंचा अंथरला होता आणि त्यात मुकादमाला तान्ह्या बाळासारखं घट्ट गुंडाळलं होतं. बाहेर फक्त डोकं. एके काळी गल्लीतल्या कुत्र्यांना दमात घेणारा धिप्पाड पिवळा बोका तो, आता गालफडं बसलेला आणि अंगावरची लव विस्कटलेली.

मी कान धरला. नानांनी ऊन पाण्यात पिळलेलं फडकं त्याच्या कानाला लावून ठेवलं, मग चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून कानाच्या कडेची शीर शोधली आणि टोचली. मोहरीएवढा रक्ताचा थेंब आला. तो त्यांनी पट्टीला टिपून घेतला आणि यंत्रावर आकडा उमटेपर्यंत श्वास रोखून उभे राहिले. यंत्र माझ्या धाकट्या भावाचं, रंगाचं होतं. मागे त्यानं चिकटवलेलं बॅट-बॉलचं स्टिकर अजून तसंच होतं.

“दोनशे ऐंशी,” नाना म्हणाले. “मागे चारशेच्या खाली यायला तयार नव्हती. डॉक्टरीणबाई म्हणतात, नीट सांभाळलं तर मांजराची साखर कधी कधी पूर्ण जाते. सुई बंदसुद्धा होते. माणसाचं तसं नसतं.”

शेवटचं वाक्य ते गॅलरीच्या गजांकडे बघत म्हणाले.

मग त्यांनी इन्सुलिनची सुई भरली, उजेडात धरून दोनदा तपासली, मुकादमाच्या मानेमागची कातडी चिमटीत धरली आणि टोचली. लगेच पंचा सोडून खाण्याची ताटली पुढे सरकवली. मुकादम आमच्याकडे पाठ करून खायला लागला. तो चार घास खाईपर्यंत नाना तिथून हलले नाहीत.

मी बघतच राहिले. रंगाला, म्हणजे श्रीरंगला, नवव्या वर्षी साखर निघाली. त्यानंतरच्या पंधरा वर्षांत नानांनी त्याला एकदाही सुई दिली नव्हती. आई इंजेक्शनची पिशवी काढायला लागली की हे पेपर उचलून बाहेर. “मला नाही बघवत,” एवढं बोलून मोकळे. सगळं आईनं केलं. आधी सुई, मग अर्धा तास थांबायचं, मग जेवण, हा आमच्या घरातला कायदा होता. पाहुणेसुद्धा रंगाची सुई झाली की पानावर बसायची तयारी करत.

पुढे रंगा नोकरीला लागला तोही साखर कारखान्यात. “मला सवलतीत साखर मिळते, वृंदे,” तो फोनवर खिदळायचा. “देव माझी मजा बघतोय.” त्या कारखान्याच्या गोदामातूनच त्यानं हे पिल्लू उचलून आणलं. पोत्यांच्या थप्प्यांवरून शेपटी ताठ करून हिंडत होतं, सगळ्यांची कामं तपासल्यासारखं. म्हणून त्याचं नाव मुकादम.

आणि आदल्या वर्षी माघात, गणेशजयंतीच्या दिवशी, “जेवणाआधी जरा पडतो” म्हणून खोलीत गेलेला रंगा उठलाच नाही. फोनवर आई म्हणाली, “झोपेत गेला.” नाना म्हणाले, “हार्ट.” मीही विचारणाऱ्याला तेच सांगत आले. चोविसाव्या वर्षी कसलं हार्ट, असं कुणी म्हटलं की मी विषय बदलायची.

स्वयंपाकघरात आई खोबरं खवत होती. दुसऱ्या दिवशी भाद्रपदातली चतुर्थी. रंगा गेला त्या वर्षी घरी गणपती आणला नव्हता, त्यामुळे त्याच्यानंतरचा हा पहिला.

“आई, तुझा एवढा हात बसलेला. नानांना कशाला करायला लावतेस? त्यांची बोटं थरथरतात.”

“मी सुईला हात लावणार नाही.” खवणीचा आवाज थांबला नाही. “त्यांना सांगून ठेवलंय. बोका तुमचा, सुई तुमची.”

“बोका रंगाचा होता.”

“म्हणूनच.” तिनं करवंटी ठेवून दुसरी घेतली. “एक सांगते, वृंदे. हा बोका गेला ना, तर तुझे नाना राहायचे नाहीत. त्याच्यावरच जगताहेत. तासन् तास गॅलरीत त्याच्यापाशी बसून असतात. बोलतात त्याच्याशी.”

“काय बोलतात?”

“मी कशाला ऐकायला जाऊ?”

आईचा स्वर कोरडा होता. आधीच्या फेऱ्यांतही मला ते जाणवलं होतं. दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलत. दूध आलं, बिल भरलं, दार लावा. पोटचं पोर गेल्यावर माणसं अशीच होत असतील, असं म्हणून मी ते सोडून दिलं होतं. आईचा मला रागही यायचा थोडा. म्हातारा माणूस मुक्या जिवासाठी एवढी धडपड करतोय आणि ही ताटलीसुद्धा उचलून देत नाही.

आता नानांच्या पूजेबद्दल सांगायला हवं. पाटबंधारे खात्यात त्यांनी धरणाच्या पाण्याला शिस्त लावली असेल नसेल, आम्हाला पूजेनं लावली. पूजेला बसले की ते बोलत नसत. मंत्र मध्ये तोडणं म्हणजे त्यांच्या लेखी महापाप. कुणी काही विचारायला गेलं की डावा हात खांद्यापर्यंत वर यायचा, तळवा आपल्याकडे. थांब. त्या तळव्यानं पोस्टमन थांबवले, गॅसवाले थांबवले, लग्नाचं आमंत्रण द्यायला आलेले मामा दारात उभे केले. दहावीचा निकाल घेऊन मी धावत आले, तेव्हा मीही त्या तळव्यासमोर मार्कशीट धरून आरती होईपर्यंत उभी होते. आणि नैवेद्य दाखवल्याशिवाय घरात कुणाच्या तोंडात अन्नाचा कण जायचा नाही. रोजची पूजा आटोपशीर असे, पण सणाला एकवीस आवर्तनं. तेव्हा आई नैवेद्याचा अंदाज घेऊन रंगाची सुई मागे ढकलायची. तिला बरोबर जमायचं ते.

त्या संध्याकाळी गल्लीतल्या मंडळाचा गणपती वाजतगाजत आला. ढोल आणि फटाक्यांनी मुकादम जो पलंगाखाली शिरला तो बाहेर येईना. नाना गुडघ्यांवर बसून त्याला हाका मारत होते. “ये रे, मुकाद्या. गेले ते. ये, दोन घास खा.” ताटली सकाळी तशीच निघाली, वरचं थोडं चाटलेलं.

चतुर्थीला सकाळी नाना अंघोळीआधी गॅलरीत आले. मी पंचा अंथरला आणि ऊन फडकं पुढे केलं.

“आज कान टोचायचा नाही,” ते म्हणाले. “सणाचं घरात रक्त काढत नाहीत.”

“मग साखर कशी कळणार?”

“कालच बघितलीय की.”

त्यांनी सुई भरली, नेहमीएवढी, आणि टोचली. मी ताटली घ्यायला वाकले तर म्हणाले, “राहू दे. मासळीचा वास मारतं त्याचं खाणं. नैवेद्य होईतो तो डबा आज उघडायचा नाही.”

“अहो नाना, त्याला आधी खायला नको का? रात्रीही खाल्लं नाही त्यानं.”

“या घरात सुई आधी, जेवण मग. पंधरा वर्षं डोळ्यांनी बघितलंय मी. आज लवकर बसतो पूजेला.”

बघितलं होतं म्हणे! पेपर घेऊन बाहेर जाणाऱ्याला जेवढं दिसलं असेल तेवढं.

लवकर बसणं झालं नाही. मूर्ती आणायला वेळ लागला, मखरावरची दिव्यांची माळ लागेना, जानवं बदलायचं राहिलं. मुकटा नेसून नाना पाटावर बसले तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. चौरंगावर मातीचा गणपती, पुढे ताम्हनात पितळेचा, अभिषेकाचा. उजव्या हाताला पंचामृताच्या पाच वाट्या. आई आत सोवळ्यात मोदक वळत होती. मी भिंतीशी बसून दूर्वा निवडत होते. खूप दिवसांनी घरात कापूर-चंदनाचा वास होता, नानांचा खर्जातला आवाज होता, आणि मला बरं वाटत होतं.

दहाएक आवर्तनं झाली असतील. मुकादम गॅलरीतून आत आला. मला आधी हसूच आलं. मागचे पाय फरशीवर घसरत होते, पिऊन आल्यासारखे. एकदा बाजूला कलंडला, उठला, परत चालायला लागला. चौरंगापासून हातभर अंतरावर येऊन बसला आणि भिंतीकडे बघत राहिला. भिंतीवर काही नव्हतं. त्याच्या तोंडातून लाळेची तार लोंबत होती.

“नाना,” मी म्हटलं.

डावा हात वर आला.

मी गप्प बसले. सवयच तशी. मुकादमाचं डोकं बारीक बारीक थरथरायला लागलं.

“नाना, मुकादम बघा कसा करतोय.”

हात आणखी वर गेला आणि मंत्राचा आवाजही चढला. नानांचे डोळे ताम्हनावर होते.

तेवढ्यात आई मोदकांचं ताट घेऊन दारात आली. तिनं बोक्याकडे बघितलं. मग नानांच्या वर केलेल्या हाताकडे बघितलं. एवढा वेळ बघत राहिली, की ताट पडतंय असं मला वाटलं. तिनं ते खाली ठेवलं, हळू, आवाज न करता.

“खाल्लंय का त्यानं?” तिनं मला विचारलं.

“नाही. सुई झालीय, खाणं नैवेद्यानंतर.”

आई सरळ नानांच्या मागे गेली, त्यांच्या खांद्यावरून वाकली आणि देवापुढची मधाची वाटी उचलली. तिच्या पदराखाली निरांजन विझलं.

तोवर मुकादम आडवा झाला होता. पाय लाकडासारखे ताठ, मान मागे ओढलेली, अंगातून झटके. आई फरशीवर फतकल मारून बसली. सोवळ्याच्या मांडीवर तिनं त्याचं डोकं घेतलं, ओठ वर उचलला आणि मधाचं बोट हिरड्यांवर चोळायला लागली.

“मान खाली धर, वृंदे. घशात जाता कामा नये. नुसतं हिरड्यांना लागलं तरी साखर चढते.”

मंत्र थोडा पुढे गेला आणि शब्दाच्या मधेच थांबला. माझ्या आयुष्यात मी तो मंत्र तुटलेला पहिल्यांदा ऐकला.

“अगं, मध वाहायचा होता अजून,” नाना म्हणाले. काय बोलतोय याचं त्यांना भान नसावं.

“वाहतेच आहे मी.” आईनं मान वर केली नाही. बोट बुडवत होती, चोळत होती. “माघात वाहायला हवा होता. दोनदा आले होते मी तुमच्यापाशी. सुई देऊन बसले होते त्याला, म्हटलं आज लवकर होईल तुमचं. रंगाला घाम फुटलाय, थरथरतोय, सांगायला आले. तुम्ही हात वर केलात. मी परत गेले. दुसऱ्यांदा आले, तुम्ही हात वर केलात. मी परत गेले.”

माझ्या हातातली मुकादमाची मान मला जाणवेनाशी झाली. झोपेत गेला. हार्ट. दीड वर्ष मी जे पाठ केलं होतं, ते सगळं तिथं फरशीवर गळून पडलं.

“दुसऱ्यांदा आलीस तेव्हा,” नाना म्हणाले, “तुझ्या हातात साखरेचा डबा होता.”

आईचं बोट थांबलं.

“तुमचे डोळे मिटलेले होते.”

“नव्हते. डबा बघितला मी. कशाला आलीस ते कळलं मला. चारच आवर्तनं राहिली होती. म्हटलं, एवढी होऊ देत.”

त्या खोलीत कुणी रडलं नाही. रडलं असतं तर बरं झालं असतं. आई नानांकडे बघत होती, दीड वर्षात पहिल्यांदा सरळ तोंडाकडे. मला वाटलं, आता ही वाटी ती त्यांच्या अंगावर फेकणार. मी असते तर फेकली असती.

“तुम्ही बघितलात,” ती म्हणाली. “आणि मी? डबा माझ्या हातात होता. झाकण उघडलेलं. त्याच्या तोंडात घालायची सोडून तुम्हाला विचारायला आले. साखर हातात घेऊन विचारायला आले मी.” आणि मग एकदम तुटल्यासारखी, “हा हलतोय का बघ गं, वृंदे!”

मुकादमाचे पाय सैल पडले होते. जीभ बाहेर येऊन एकदा ओठावरून फिरली. आईनं आणखी मध लावला. त्यानं तो चाटला.

नाना मुकट्यावरच उठले. मुकादमाला पंच्यात घेऊन आम्ही रिक्षात बसलो, आई वाटी हातात तशीच धरून. गणपती एकटाच घरी राहिला, अर्धी पूजा अंगावर घेऊन. सणाचा दिवस असूनही डॉक्टरीणबाईंनी दवाखाना उघडला. पोरसवदा मुलगी होती, तिच्या घरचेही पानावर बसायचे खोळंबले असतील. तिनं मुकादमाच्या पायात सलाईन लावलं आणि विचारलं, “आजोबा, आधी खाऊ घातलं होतं ना? मी सांगितलं होतं, आधी खाणं, त्यानं खाल्लेलं डोळ्यांनी बघायचं, मगच सुई.”

“नाही घातलं,” नाना म्हणाले. “सांगितलं होतं तुम्ही. मी नाही घातलं.”

मी तोंड उघडणार होते, पण आईनं माझा हात दाबला.

मुकादम वाचला, पण त्याचे डोळे गेले. साखर फार खाली गेली की असं होतं, थोड्या दिवसांत दिसायला लागेलही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दिसायला लागलं नाही. घरी आणल्यावर तो चौरंगाच्या पायाला धडकला, मग भिंतीला, आणि तिथंच बसून राहिला. मोदक थंडगार झाले होते. आईनं ताटावरचं केळीचं पान काढलं, नैवेद्य न दाखवताच आम्हा तिघांना वाढलं आणि म्हणाली, “बसा.” नाना बसले. खाताना त्यांचा घास तोंडाशी जाऊन परत येत होता. आई समोर बसून त्यांच्या पानाकडे बघत राहिली, रंगाच्या पानाकडे बघायची तशी, सगळं संपेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांनी मुकादमाला मांडीवर घेतलं आणि हातानं घास घास भरवलं. ताटली रिकामी झाल्यावर कान टोचला, आकडा बघितला. सुई भरून झाली तेव्हा आई गॅलरीत आली. तिनं नानांच्या थरथरत्या बोटांतून ती काढून घेतली आणि टोचली. मग नाना अंघोळ करून पूजेला बसले.

मी बाहेरच्या खोलीत बॅग भरत होते. मंत्र चालू होता, रोजच्यासारखा खर्जात. मधेच थांबला.

“खाल्लं का?” नानांनी मोठ्यानं विचारलं.

मला कळेना, कुणाला विचारताहेत. आत्ताच तर स्वतःच्या हातानं भरवून उठले होते.

“खाल्लं,” आतून आई म्हणाली.

मंत्र पुढे सुरू झाला.

त्यानंतर मी जेव्हा जेव्हा माहेरी गेले तेव्हा तेव्हा हेच ऐकलं. ज्या माणसानं कधी कुणासाठी मंत्र तोडला नव्हता, तो रोज एकदा तोडायचा. कधी सुरुवातीला, कधी मधे. आई हातातलं काम न थांबवता उत्तर द्यायची. एरवी दोघं पूर्वीइतकंच कमी बोलत. त्यांनी एकमेकांना माफ केलं का, हे मी कधी विचारलं नाही आणि मला ते कधी कळलंही नाही.

मुकादम पुढच्या उन्हाळ्यात गेला. गॅलरीत ऊन पडायचं त्या जागी, झोपेत. या वेळी खरंच झोपेत. नानांनी त्याला परसात पुरलं. रंगाचं यंत्र आणि उरलेल्या सुया आईनं दवाखान्यात देऊन टाकल्या. मी धास्तावून धावत गेले, आईचे शब्द डोक्यात घेऊन, की हा बोका गेला तर तुझे नाना राहायचे नाहीत.

नाना पूजेला बसले होते. मी स्वयंपाकघरात आईसमोर बसून गवार मोडायला घेतली. आता कुणाचं खाणं नाही, कुणाची सुई नाही, आता मंत्र सलग चालेल, असा मी विचार करत होते.

तो थांबला.

“खाल्लं का?”

मी आईकडे बघितलं. तिनं शेंगेची शीर ओढून काढली, शेंग मोडली, परातीत टाकली.

“खाल्लं,” ती म्हणाली.

आणि नानांनी मंत्र जिथं सोडला होता तिथून पुढे सुरू केला.